वाळूवरचा पाया

मृग नक्षत्र लागले, की महाराष्ट्रातील शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो. त्याच सुमारास दूर दक्षिणेकडे, तमिळनाडूतील तंजावरचा शेतकरी मात्र मेट्टूरच्या धरणाकडे डोळे लावून बसलेला असतो. १९३४ साली पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी प्रथेनुसार १२ जूनला सोडले जाते. जलाशयात पुरेसा साठा नसेल, तर तो दिवस लांबतो आणि त्याबरोबर शेतकऱ्याची काळजीही लांबते. काही दिवसांनी ते पाणी कल्लणैपाशी पोहोचते. तेथे जमलेले अधिकारी आणि शेतकरी प्रवाहात फुले आणि भाताचे दाणे सोडतात. दरवाजे उचलले जातात आणि पाणी कावेरी, वेण्णार व पुढे असंख्य कालव्यांतून गावोगाव धावू लागते. कुरुवै या पहिल्या हंगामाच्या भाताची रोपे त्या पाण्याचीच वाट पाहत असतात.

या सोहळ्यात बांधाकडे फारसे कोणी निरखून पाहत नाही. रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूचे नवल वाटेनासे होते, त्यातलाच हा प्रकार. परंतु बांधकामाची विद्या शिकणाऱ्या माणसाने भारतात एखादी जागा मुद्दाम जाऊन पाहावी असे म्हटले, तर ती हीच.

तमिळ भाषेत ‘कल्’ म्हणजे दगड आणि ‘अणै’ म्हणजे बांध. परंपरेने हा दगडी बांध करिकाल चोळ राजाच्या नावाशी जोडला जातो. तो सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा असावा, असे मानले जाते. कावेरी श्रीरंगमच्या वर मुक्कोंबू येथे दोन फाट्यांत विभागते. दक्षिणेचा फाटा कावेरी हे नाव कायम राखतो, उत्तरेचा फाटा कोल्लिडम म्हणून ओळखला जातो. श्रीरंगमचे बेट ओलांडले, की हे दोन्ही फाटे पुन्हा एकमेकांच्या अगदी जवळ येतात. कोल्लिडमचे पात्र खोल, उताराचे आणि समुद्राकडे जवळच्या वाटेने जाणारे. साहजिकच कावेरीचे पाणी तिकडे निसटू पाहते. ते निसटले, तर दक्षिणेकडील हजारो शेते कोरडी पडणार. म्हणून जेथे पाणी निसटते, नेमक्या त्याच जागी सुमारे तीनशे मीटर लांबीचा, नागमोडी वळणाचा हा बांध घातला गेला.

अडचण एकच होती. तेथे खडक नव्हता. नदीच्या तळाशी वाळू, वाळूखाली पुन्हा वाळू. कोणत्याही बांधकामाला भक्कम आधार हवा, हे लहान मूलही सांगेल. मग वाळूवर बांध उभा राहिला कसा? त्या अज्ञात कारागिरांनी नदीशी भांडण मांडले नाही. त्यांनी मोठमोठे दगड वाहत्या पाण्यात टाकले. पाणी दगडाखालची वाळू ओढून नेई आणि दगड आपल्याच भाराने खाली रुतत जाई. त्यावर दुसरा दगड, त्यावर तिसरा. पुढे दगड रुतायचे थांबले, की त्यांच्या सांध्यांत चिकणमाती भरायची आणि वरचा थर रचायचा. ज्या वाळूची भीती, तिच्याच पोटात पाया घालण्याची ही युक्ती होती. तिचा ग्रंथ कोणी लिहून ठेवला नाही. बांध हाच ग्रंथ.

तंजावर हे नाव मराठी मनाला परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तेथे मराठी राज्य स्थापन केले. त्या घराण्यातील दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. राजकीय सत्ता इंग्रजांच्या हाती गेलेली. उरलेले सारे बळ या राजाने विद्येकडे वळवले. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी देशोदेशीचे ग्रंथ आणले. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी पोथ्यांच्या शेजारी युरोपीय भाषांतील वैद्यक आणि विज्ञानाची पुस्तके मांडली. नव्या विद्या शिकवणाऱ्या शाळा काढल्या. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख आजही तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर वाचता येतो.

हे मंदिर पहिल्या राजराज चोळाने उभारले आणि ते इ. स. १०१० मध्ये पूर्ण झाले. साठ मीटरांहून उंच असे त्याचे शिखर ग्रॅनाइटचे आहे, आणि तंजावरच्या गाळाच्या सपाट भूमीत ग्रॅनाइटची खाण नाही. दगड दूरवरून आणावा लागला. तो एवढ्या उंचीवर चढवण्यासाठी कित्येक कोसांवरून मातीचा उतार बांधला होता, असे लोकपरंपरा सांगते. दगडावर दगड असा बसवला आहे, की वरच्याचा भार खालच्याला जागेवर घट्ट धरून ठेवतो. मंदिराच्या एका शिलालेखात प्रमुख शिल्पकाराचे नाव कोरलेले आहे: कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन. ‘पेरुंतच्चन’ म्हणजे थोर सुतार, थोर कारागीर. राजाच्या नावाशेजारी कारागिराचे नाव कोरले जावे, यातच त्या काळाने या विद्येला दिलेला मान दिसतो.

ही विद्या घराघरांत चाले. बापाकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे ती हातांतून हातांत जाई. शिकणाऱ्याला पदवी नव्हती, म्हणून शिक्षण संपल्याचा दिवसही नव्हता. मात्र या पद्धतीत एक उणीव होती. एखादे घराणे खुंटले, की त्याच्याबरोबर त्याचे ज्ञानही मातीआड होई. कल्लणै उभी राहिली. पण ती का उभी आहे, हे सांगणारे हळूहळू उरले नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या प्रदेशाची अवस्था बिकट झाली होती. कावेरीच्या पात्रात वाळू साचून ते उथळ होत चालले होते आणि पाणी कोल्लिडमकडे वळत होते. गावांची शेती धोक्यात आली. कंपनी सरकारने कॅप्टन कॉल्डवेल नावाच्या अधिकाऱ्याकडून १८०४ साली पाहणी करवली. बांधाची उंचीही वाढवण्यात आली. तरी मूळ दुखणे गेले नाही.

१८२० च्या दशकाच्या अखेरीस कावेरीच्या सिंचनाची जबाबदारी आर्थर कॉटन या तरुण अभियंत्याकडे आली. त्याचा जन्म १८०३ चा. म्हणजे तेव्हा तो जेमतेम पंचविशीचा. लष्करी अभियंत्याचे शिक्षण त्याने विलायतेत घेतले होते. सत्ता त्याच्या बाजूला होती, शास्त्र त्याच्या बाजूला होते. जुने, ओबडधोबड दगडांचे काम पाडून तेथे आपल्या पद्धतीचे नवे काम करावे, असे एखाद्याला सहज वाटले असते. कॉटनने आधी बांध तपासला. दगडांच्या आतली माती पाहिली, खालची वाळू पाहिली, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या शिक्षणाने दिले नव्हते, ते उत्तर त्याला या बांधात सापडले. अथांग वाळूत पाया कसा घालावा, हे आम्ही या देशाच्या प्राचीन बांधकाम करणाऱ्यांकडून शिकलो, अशा अर्थाची कबुली त्याने पुढे मोकळेपणाने दिली. जेत्यांच्या सैन्यातील अधिकाऱ्याने जितांच्या अनाम पूर्वजांना गुरू म्हणावे, ही साधी गोष्ट नव्हे.

या गुरूकडून शिकलेली विद्या त्याने लगेच वापरली. साचलेला गाळ वाहून जावा म्हणून कल्लणैला १८३० च्या सुमारास गाळदरवाजे बसवले गेले. मग १८३६ मध्ये मुक्कोंबूला कोल्लिडमच्या तोंडाशी ‘वरचा बांध’ आणि आणखी खाली, अणैक्करै येथे ‘खालचा बांध’ उभा राहिला. तमिळमधील ‘अणैकट्टु’ या शब्दाचे ‘अ‍ॅनिकट’ असे रूप इंग्रजीत रुजले, तेही याच काळात. हा अनुभव गाठीशी घेऊन कॉटन गोदावरीवर गेला. नाशिकजवळ उगम पावून महाराष्ट्र ओलांडणाऱ्या त्या नदीवर, आंध्रातील धवळेश्वरम येथे, १८४७ ते १८५२ या काळात त्याने बांध घातला. दुष्काळाने पिचलेला तो जिल्हा पुढे भाताचे कोठार झाला. गोदावरीकाठचे शेतकरी आजही त्याची आठवण कृतज्ञतेने काढतात.

एवढ्यावर ही कथा थांबवली, तर ती एका विजयी विद्यार्थ्याची कथा होईल. पण खरे शिक्षण पुढेच आहे. मुक्कोंबूचा बांध पुरा झाला आणि काही वर्षांतच नवे संकट दिसू लागले. पूर्वी कावेरीला पाणी कमी पडत होते. आता ते प्रमाणाबाहेर येऊ लागले. तिचा तळ खरवडला जाऊ लागला. तेव्हा १८४० च्या दशकात त्या बांधाचा मधला भाग कमी उंचीचा करावा लागला आणि कावेरीच्या मुखाशी तळाचा बांध घालून तिला आवर घालावा लागला. एका टोकाची चूक सुधारताना दुसऱ्या टोकाची चूक घडते आणि तीही सुधारावी लागते. नदी परीक्षा घेते ती अशी. तिचा निकाल लागायला कधी दहा वर्षे लागतात, कधी शंभर.

दरम्यान, ही विद्या शिकवणारी विद्यालये देशात निघत होती. मद्रासमध्ये १७९४ साली भूमापनाची शाळा सुरू झाली. तिच्यातूनच पुढे गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आकाराला आले. रुडकीला १८४७ मध्ये आणि पुण्यास १८५४ मध्ये अशा संस्था निघाल्या. पुण्यातील त्या विद्यालयाचा एक विद्यार्थी कावेरीशी कायमचा जोडला गेला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली तेथील परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले. आपोआप उघडणारे पूरदरवाजे त्यांनी रचले, ते १९०३ साली खडकवासल्याला बसवले गेले. नोकरीत असतानाच त्यांनी जपानचा प्रवास केला. निवृत्तीनंतर युरोपात जाऊन तेथील कामे पाहिली. म्हैसूरजवळ कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यांच्या वयाला पन्नास वर्षे झाली होती. पदवी मिळून अठ्ठावीस वर्षे लोटली होती. शिकणे मात्र थांबले नव्हते.

आजचा तरुण चार वर्षे शिकून स्थापत्य अभियंता होतो. आणखी दोन वर्षे शिकून संरचना अभियंता होतो. घर, पूल, पाण्याची टाकी किंवा शाळा यांच्यावर कोणता भार येईल, तो तुळईतून खांबात, खांबातून पायात आणि पायातून जमिनीत कसा उतरेल, याचा हिशेब करणे हे त्याचे काम. वैद्याच्या चुकीने एका रुग्णाच्या जिवाला धोका असतो. संरचना अभियंत्याच्या चुकीखाली, छत कोसळले तर, सारा वर्ग सापडतो. तरीही आपल्या देशात पदवीनंतर या माणसाने शिकत राहिलेच पाहिजे, असे सक्तीने सांगणारा देशव्यापी कायदा दीर्घकाळ नव्हता. ते बहुतांशी त्याच्या विवेकावर सोडलेले होते.

आणि शिकण्याजोगे तर सतत बदलत असते. १९७० च्या सुमारास पदवी घेतलेला अभियंता काँक्रीटची गणिते एका पद्धतीने शिकला. रोजच्या भाराखाली साहित्यावर जो ताण येईल, तो त्याच्या क्षमतेच्या पुष्कळ खाली ठेवायचा, एवढेच तिचे सूत्र होते. १९७८ साली भारतीय मानकाची नवी आवृत्ती आली आणि नवी पद्धत रूढ होऊ लागली. बांधकाम मोडण्याची वेळ केव्हा येईल आणि ते न मोडताही वापरास निरुपयोगी केव्हा ठरेल, म्हणजे वाकेल किंवा भेगाळेल, या दोन्ही मर्यादांचा वेगवेगळा विचार ती करू लागली. तेच मानक २००० साली पुन्हा सुधारले गेले. वाऱ्याच्या भाराचे १९८७ चे मानक २०१५ मध्ये बदलले आणि चक्रीवादळाच्या किनारपट्टीवरील महत्त्वाच्या इमारतींसाठी जादा भार धरण्याची तरतूद त्यात आली. जो अभियंता १९७० च्या वह्यांवर विसंबून राहिला, त्याने खोटे काही केले नाही. पण त्याचे ज्ञान त्याच्या नकळत जुने झाले.

मानके बदलतात, ती कोणाच्या लहरीने नव्हे. प्रत्येक बदलामागे बहुधा एखादा आघात असतो. लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जाड दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या नव्या इमारतीही पडल्या. तेव्हा लक्षात आले, की भूकंपशास्त्र पुस्तकांत आहे, पण ते शिकवणारे शिक्षकच पुरेसे नाहीत. म्हणून २००३ साली राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राध्यापक, सात आयआयटी आणि बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था येथे, पुन्हा विद्यार्थी होऊन बाकांवर बसले. केस पिकलेल्या शिक्षकाने वही उघडून पहिल्या ओळीपासून टिपणे घ्यावीत, यासारखे सुंदर दृश्य विद्येच्या क्षेत्रात क्वचितच दिसते.

कावेरीच्या प्रदेशालाही असे आघात चुकले नाहीत. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणममधील एका शाळेत स्वयंपाकघरातील आग वरच्या झावळ्यांच्या छपराला लागली. चौऱ्याण्णव मुले त्यात दगावली. छप्पर पडले नव्हते, पाया खचला नव्हता. पण ते छप्पर कशाचे असावे आणि मुलांनी बाहेर पडावे कोणत्या वाटेने, हे प्रश्न कोणी वेळेवर विचारले नव्हते. त्यानंतर तमिळनाडूत शाळांवरील गवती छपरे काढण्याचे आदेश निघाले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील शाळांना इमारतसुरक्षेचे नियम पाळण्यास सांगितले. त्याच २००४ सालच्या २६ डिसेंबरला त्सुनामीने नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे नेली. किनाऱ्यावरची गावे पुन्हा वसवताना घर कोठे बांधावे आणि कसे बांधावे, हे नव्याने शिकावे लागले.

मग आला ऑगस्ट २०१८. अनेक कोरड्या वर्षांनंतर कावेरीला मोठा पूर आला होता. तिरुचिरापल्लीजवळ कोल्लिडमवरील १९२८ सालचा, वाहतुकीस आधीच बंद केलेला जुना पूल खांब खचून अंशतः ढासळला. पाठोपाठ २२ ऑगस्टच्या रात्री मुक्कोंबूच्या बांधाचे नऊ दरवाजे वाहून गेले. कॉटनच्या काळातील ती जागा; पावणेदोनशे वर्षांचा तिचा लौकिक एका रात्रीत डळमळला. बांधाचे वय, पुराचा जोर, नदीतून बेसुमार उपसलेली वाळू, अशा अनेक कारणांची चर्चा झाली.

या ठिकाणी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. पुराचे पाणी खांबाला अडते, तेव्हा त्याच्या पायाशी भोवरे उठतात आणि ते वाळू खणून काढतात. पूर ओसरताना तोच खड्डा नव्या, सैल वाळूने पुन्हा भरून जातो. उन्हाळ्यात तपासणीस गेलेल्या माणसाला नदीचा तळ सपाट आणि निर्धोक दिसतो. डोळ्यांना दिसते ते खरे नसते. म्हणून पाया भर पुरात, खोली मोजून तपासावा लागतो; आणि हे कळण्यासाठी अभियंत्याने दुसरीकडे पडलेल्या पुलांच्या कहाण्या वाचलेल्या असाव्या लागतात. दुसऱ्याच्या अपयशातून शिकणे हे या व्यवसायातील स्वस्तातले शिक्षण. स्वतःच्या अपयशातून शिकणे सर्वांत महाग, कारण त्याची किंमत बहुधा तिसराच माणूस भरतो.

मुक्कोंबूला तातडीची डागडुजी कशी झाली? वाळूची पोती आणि मोठमोठे दगड प्रवाहात टाकून. करिकालाच्या कारागिरांनी केले होते तेच, अठराशे वर्षांनी, यंत्रांच्या मदतीने पुन्हा करावे लागले. पुढे जवळच नवा बांध बांधण्यात आला. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला गाजा चक्रीवादळ वेदारण्यमजवळ धडकले. तंजावर आणि नागपट्टिणमच्या गावांत नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, हलकी छपरे उडाली. जी घरे टिकली, ती का टिकली, याचा अभ्यास हाही एक धडाच होता.

शिक्षण अभियंत्यापाशी थांबले, तर ते निम्मेच राहते. भूकंपाचा धोका असलेल्या भागात खांबातील उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगांची टोके काटकोनात न वाकवता १३५ अंशांत आत वळवावीत, असे मानक सांगते. टोके आत वळलेली असली, तर धक्क्याने काँक्रीटचा बाहेरचा थर सुटला, तरी रिंग उघडत नाही आणि खांब तग धरतो. नकाशावर ही एक बारीकशी रेघ असते. ती खरी होते सळई वाकवणाऱ्याच्या हातात. त्याला ‘असे कर’ एवढेच सांगितले, तर घाईच्या दिवशी तो जुन्या सवयीने वाकवील. ‘असे का’ हे सांगितले, तर कोणी पाहत नसतानाही तो नीट वाकवील. त्या गवंड्याला, त्या सळईवाल्याला कदाचित शाळा अर्ध्यावर सोडावी लागली असेल. पण इमारतीचे आयुष्य त्याच्या समजुतीवरही तेवढेच अवलंबून असते.

कावेरीच्या गावांत हे नाते जुने आहे. कालव्यांचा आणि तळ्यांचा गाळ गावकऱ्यांनी मिळून काढायचा, बांध मिळून दुरुस्त करायचे, या प्रथेला तेथे ‘कुडिमरामत्तु’ म्हणतात. मधल्या काळात ती बरीच मागे पडली. २०१७ मध्ये शासनाने त्या नावाने पुन्हा योजना सुरू केली. नवी विद्या शिकून आलेल्या अभियंत्याने अशा गावात जावे आणि पुराचे पाणी कोठवर चढते, कोणत्या शेतातली काळी चिकणमाती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगून भिंतीला तडे पाडते, हे वयोवृद्ध शेतकऱ्याला विचारावे. त्याने वही काढून उत्तर लिहून घेतले, तर समजावे, की त्याचे शिक्षण नीट चालू आहे.

आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरीकाठच्या स्त्रिया भरल्या नदीची पूजा करतात. कल्लणैवरून तेव्हा पाणी खळाळत असते. वरून दिसतात ते नवे दरवाजे, नवा रस्ता आणि पाहुण्यांची गर्दी. सर्वांच्या खाली, कोणालाही न दिसणारा, वाळूत रुतलेला तो पहिला दगड आहे. तो टाकणाऱ्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही. त्याच्याकडून पंचविशीतला एक परका अधिकारी शिकला, त्याच्या कामातून पुढचे शिकले, आणि मुक्कोंबूच्या भगदाडात दगड टाकणारे मजूर आणि अभियंतेही, कळत नकळत, त्याच्यापाशीच शिकत होते.